कालानाग शिखरावर जायचंय? गोव्यातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी शिगमा आटोपला की आमच्या फोंड्याच्या टोळक्याकडे विचारणा सुरू होते: "कालानाग करायचाय, मे महिन्यात जमेल का?" शिगमा ते मे म्हणजे जेमतेम दोन महिने. त्यामुळे आमचं उत्तर बहुतेक वेळा "पुढच्या वर्षी बघ" असंच असतं आणि समोरचा हिरमुसतो. तेच तेच फोनवर सांगून घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवतो. आम्ही दोनदा गेलो. एकदा रिकाम्या हाताने परतलो, एकदा माथ्यावर पोचलो. खालचं बरंचसं पहिल्या खेपेने शिकवलेलं आहे.

कालानाग नेमका कुठे आहे?

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, बंदरपूंछ पर्वतसमूहात. उंची ६,३८७ मीटर. बंदरपूंछ शिखर ६,३१६ मीटरचं, म्हणजे घराण्याचं नाव बंदरपूंछचं असलं तरी घरात सर्वांत उंच कालानागच. चारधाम करून आलेल्या आपल्या घरच्यांना सांगायचं तर यमुनोत्री याच पर्वतसमूहाच्या पायथ्याला आहे. आपण फक्त दुसऱ्या अंगाने चढतो. बंदरपूंछ १९५० साली सर झालं, त्या तुकडीत तेनसिंग नोर्गे होते, म्हणजे एव्हरेस्टच्या तीन वर्षं आधी. कालानाग १९५५ साली जॅक गिब्सन या डून स्कूलच्या शिक्षकाच्या तुकडीने चढला.

आपल्याकडचा सर्वांत उंच डोंगर सत्तरीतला सोसोगड, ११६६ मीटर. एकावर एक साडेपाच सोसोगड रचा, एवढा हा प्रकार.

हा ट्रेक आहे का? जाहिरातीत तसं लिहिलेलं असतं.

नाही. रुइनसारा तळ्यापर्यंत ट्रेक आहे, तोही सुंदर आहे, आणि तेवढाच करून परत आलात तरी पैसे वसूल. त्यानंतर दगडधोंड्यांची हिमोढ लागते आणि पुढे हिमनदी. हिमनदीत बर्फाखाली झाकलेल्या भेगा असतात, म्हणून एका दोरात बांधून घेऊन चालावं लागतं. शेवटच्या टप्प्यात उभ्या उतारावर दोर लावून, जुमार (दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड) अडकवून, बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे काटे) बांधून चढायचं. यातलं काही कधी हाताळलं नसेल तर बेस कॅम्पवर एका दुपारी शिकवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

मी दहा वर्षं सह्याद्री फिरतोय. थेट कालानाग चालेल ना?

सह्याद्रीने पाय दिलेत, सवय दिलीय, वाट शोधायची नजर दिलीय. बर्फ दिलेला नाही. आमचा सल्ला एकच: आधी बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५ची), दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४ची), मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, यांपैकी कुठेही. कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज बराच आधी करावा लागतो. पहाटेच्या पीटीला आपली गोंयकारी "सुशेगाद" वृत्ती पहिल्या तीन दिवसांतच निघून जाते, हा वरचा फायदा.

त्यानंतर पाच हजारांच्या आसपासचं एखादं शिखर, आणि मग कालानाग. थेट सहा हजारांवर उडी मारून परत आलेले लोक आहेत, पण ते कसे परत आले हे त्यांच्या गाइडला विचारा.

गोव्यात सराव कुठे करायचा? इथे ना थंडी, ना उंची.

थंडी आणि उंची इथे मिळणार नाही, त्यामुळे त्यांच्यामागे लागूच नका. इथे दोन गोष्टी कमवायच्या: वजन घेऊन तासन् तास चढायची ताकद आणि उतरताना गुडघे न बोलण्याची क्षमता.

आमचं मैदान म्हणजे पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत. उंची साधारण साडेतीनशे मीटर. रस्ता बराच वरपर्यंत जातो, शेवटी देवळाच्या पायऱ्या. गाडी पायथ्याला लावायची आणि पहाटे साडेपाचला निघायचं, कारण आठनंतर घामानेच अर्धमेले व्हायला होतं. सुरुवात एका फेरीपासून. सहा महिन्यांनी पाठीवर पंधरा किलो घेऊन सलग तीन फेऱ्या मारता आल्या पाहिजेत. वजनासाठी पाण्याचे कॅन न्यायचे. गुडघे कुरकुरत असतील तर पहिले काही आठवडे वर पोचल्यावर पाणी झाडांना घालून रिकाम्या कॅननिशी उतरा. नंतर मात्र भरलेले कॅन घेऊनच उतरायची सवय लावा, कारण कालानागवरून तंबू आणि दोर कोणी झाडाला घालत नाही.

पणजीत राहणाऱ्यांनी आल्तिनोच्या पायऱ्या धराव्यात. किनाऱ्याकडच्यांनी मऊ वाळूत वजन घेऊन चालावं. ताज्या बर्फात पाय रुततो तेव्हा पोटऱ्या ज्या तऱ्हेने भरून येतात ती ओळख वाळूतच होते. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. आमच्यातला एकजण जुलैत असाच घसरला आणि मनगट मोडून घेऊन त्या वर्षीच्या मोहिमेला मुकला. जून ते सप्टेंबर शहाण्यासारखं जिन्यात सराव करा, शेजाऱ्यांना वेड लागल्यासारखं वाटलं तरी.

सोसोगड, म्हादईच्या रानातल्या वाटा वगैरेंसाठी वनखात्याची परवानगी घ्या. ते अभयारण्य आहे, सरावाचं ग्राउंड नव्हे. शिवाय सत्तरीत गोचिडींतून पसरणारा माकडताप आहे. डिसेंबर ते मेच्या दरम्यान पाचोळ्यातून जाताना अंगभर कपडे घाला आणि घरी आल्यावर गोचीड लागलीय का ते तपासा.

समुद्राकाठी राहणाऱ्यांना विरळ हवा जास्त बाधते का?

मुंबईकराला जेवढी, तेवढीच आपल्याला. पाच-साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के. पण दाब निम्मा म्हणजे प्रत्येक श्वासात हाती लागतो निम्माच. शरीर याच्याशी जुळवून घेतं, श्वास वाढवतं, रक्त बदलतं. पण त्याला दिवस लागतात आणि ते दिवस कुठल्याही व्यायामाने कमी होत नाहीत. हे लोकांच्या पचनी पडत नाही. आमच्यात सर्वांत जोरात धावणारा, अर्ध मॅरेथॉन पळणारा, तोच पहिल्यांदा डोकं धरून बसला. कारण तो सगळ्यांच्या पुढे पळत कॅम्पवर पोचला होता.

नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर, झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढावा. दिवसा वर जाऊन सामान ठेवून रात्री खाली येऊन झोपणं उत्तम.

डोकेदुखी, मळमळ, भूक जाणे, झोप न लागणे हे सौम्य लक्षण. तिथेच थांबायचं. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी म्हणजे फुप्फुसात पाणी. सरळ रेषेत चालता न येणं, भलतंसलतं बोलणं म्हणजे मेंदूला सूज. या दोन्हीत औषधाआधी, उजाडायची वाट न पाहता, माणसाला खाली न्यायचं. पाचशे ते हजार मीटर खाली आला की फरक दिसायला लागतो. "सकाळपर्यंत बघूया" हे वाक्य तिथे उच्चारायचं नाही.

विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यावी का?

डॉक्टरांना विचारून. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, आणि रात्री उणे दहामध्ये तंबूची चेन उघडणं म्हणजे काय ते तेव्हा कळतं. गोळी एकदा गोव्यातच घेऊन बघा, म्हणजे तिथल्या मुंग्या गोळीच्या की गारठ्याच्या असा घोळ होणार नाही. गोळीने शरीराला जुळवून घ्यायला मदत होते. चुकीचं वेळापत्रक तिने दुरुस्त होत नाही.

किती दिवसांची रजा काढायची?

घरून घरी एकवीस दिवस. हो, एकवीस.

हिशेब करा. मडगावहून दिल्लीला रेल्वेने दीड दिवस धरा, तिथून डेहराडून, आणि डेहराडूनहून पुरोला, मोरी, नैटवाड करत सांकरी. हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटरच, पण घाटाचा रस्ता, त्यामुळे पूर्ण दिवस जातो. सांकरी साधारण १,९५० मीटरवर. तिथून जीपने तालुका आणि मग पायी गंगाड, ओसला, सीमा या बाजूने रुइनसारा तळं, सुमारे साडेतीन हजार. पुढे क्यारकोटी, हा बेस कॅम्प, चार हजारांच्या आसपास. मग वर तीन कॅम्प. सांकरी ते सांकरी चौदा दिवस सरळ लागतात. त्यात खराब हवामानासाठी किमान तीन दिवस राखीव.

हे तीन दिवस सगळे कापतात. आम्हीही कापले होते. पहिल्या खेपेला सात जण, रजा मोजून मिळालेली, परतीची तिकिटं आरक्षित. शेवटच्या कॅम्पवर पोचलो त्या रात्री बर्फ सुरू झाला. दोन दिवस तंबूत पडून होतो, दर दोन तासांनी आळीपाळीने बाहेर जाऊन ताटलीने तंबूवरचं बर्फ ढकलायचं. तिसऱ्या पहाटे बर्फ थांबला, पण ताज्या बर्फाला बसायला एक दिवस द्यायला हवा होता आणि तो दिवस आमच्याकडे नव्हता. तिकिटं होती. उतरलो. दोन दिवसांनी रुइनसाराच्या काठावर चहा घेत होतो तेव्हा आकाशात ढगाचं बोटही नव्हतं. वरून दुसरी एक तुकडी उतरत आली, बंगालची होती. ते एक दिवस थांबले होते आणि माथा गाठून आले होते. आमचा गाइड, मोरीकडचा, चहाचा पेला तसाच हातात धरून एवढंच म्हणाला, "सर, आपका पहाड तो रेलवे ने चढ़ने नहीं दिया."

दुसऱ्या खेपेला परतीचं तिकीट काढलंच नाही. सांकरीत उतरल्यावर जे मिळेल ते काढलं.

मग कधी जायचं? मे की सप्टेंबर?

दोन हंगाम: मध्य मे ते जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध. मेमध्ये बर्फ जास्त, त्यामुळे हिमनदीच्या भेगा झाकलेल्या, हिमोढीवर चालणं थोडं सोपं. सप्टेंबरात आकाश स्वच्छ, पण भेगा उघड्या आणि थंडी वाढती.

आपली खरी अडचण चतुर्थी. सप्टेंबरात चतुर्थी आली की गोव्यातला माणूस घराबाहेर राहू शकत नाही, आणि राहिलाच तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. आम्ही मे-जून धरतो. आंबे चुकतात, इलाज नाही.

परवानग्या कोणाच्या लागतात?

शिखरासाठी दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची, आणि वाट गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानातून जाते म्हणून तिथल्या वनविभागाची. एजन्सीमार्फत गेलात तर ते करतात, पण कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा, छायाप्रत जवळ ठेवा. कागद मागताच विषय बदलणाऱ्या एजन्सीला तिथेच नमस्कार.

वर जेवण काय? आम्हाला मासळीशिवाय चालत नाही.

चालवून घ्यावं लागतं. उंची वाढते तशी पाणी कमी तापमानाला उकळतं, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. चार हजारांवर पाणी सत्त्याऐंशीच्या आसपासच उकळतं. त्यामुळे डाळ शिजत नाही आणि आपले उकडे तांदूळ तर पाहुण्यासारखे भांड्यात बसून राहतात. बेस कॅम्पपर्यंत कुकर न्या. त्याच्या वर सूप, शेवया, मॅगी, दलिया, सुका मेवा, गुळाची चिक्की, नाचणीचं सत्त्व.

भिंडाची (कोकमाची) सोलं मात्र न्या. पाच हजारांवर तोंडाची चव गेलेली असते, कशाचाही वास नको होतो. अशा वेळी कोमट पाण्यात दोन सोलं आणि मीठ-साखर टाकून दिलेलं पाणी आमच्यातल्या अगदी गळून गेलेल्यानेही पेलाभर घेतलं. दिवसाला चार लीटर पाणी पोटात गेलं पाहिजे, आणि ते पाणी बर्फ वितळवून करावं लागतं, म्हणजे संध्याकाळचे दोन-तीन तास स्टोव्हपुढे.

सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर कोणीतरी डब्यात आणली होती. चव अप्रतिम. पण तो वास तीन माणसांच्या बंद तंबूत चार दिवस राहिला. पुन्हा आणणाऱ्याला तंबूबाहेर झोपवायचं ठरलं आहे.

थंडीत थोडी फेणी घेतली तर ऊब येते ना?

येते असं वाटतं. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा गरम लागते आणि आतली उष्णता बाहेर जाते. वर झोपेतला श्वास मंदावतो, जो तिथे आधीच तुटपुंजा. बाटली सांकरीला ठेवा, परत आल्यावर कामी येईल.

फोन लागतो का?

सांकरीच्या पुढे भरवसा धरू नका. घरच्यांना "अमुक तारखेपर्यंत आवाज नाही आला तरी काळजी नको" असं सांगून निघा, आणि ती तारीख राखीव दिवस मोजून द्या. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवू नका. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. लंडनचा मामा किंवा दुबईची मावशी हौसेने घेऊन येते आणि विमानतळावर अडकते.

मुलींना झेपेल का?

एव्हरेस्टवर पोचलेली पहिली भारतीय स्त्री, बचेंद्री पाल (१९८४), याच उत्तरकाशी जिल्ह्यातली. पुढचा प्रश्न.

जिवाला धोका किती?

आहे. ४ ऑक्टोबर २०२२ला याच जिल्ह्यात द्रौपदी का डांडा-२ शिखरावर हिमस्खलन झालं आणि नेहरू संस्थेच्या कोर्समधले वीसहून अधिक जण गेले. ती मंडळी अननुभवी प्रशिक्षकांबरोबर नव्हती. तयारीने धोका कमी होतो, शून्य होत नाही, आणि घरच्यांना तो शून्य आहे असं सांगून निघणं बरोबर नाही. माझ्या आईला मी "बर्फ बघायला चाललोय" असं सांगून पहिल्यांदा गेलो. दुसऱ्यांदा तिला बसवून नकाशा दाखवला. तिने नकाशाकडे फार पाहिलं नाही, पण शांतादुर्गेला सांगणं घातलं आणि चिक्की कितीशी देऊ एवढंच विचारलं.

शिखराचा दिवस कसा असतो?

रात्री साडेबाराला उठायचं. बूट झोपायच्या पिशवीत पायांशी घेऊन झोपायचं, नाहीतर ते गोठतात आणि पाय आत जात नाहीत. एकच्या सुमाराला निघायचं, कारण ऊन लागायच्या आत बर्फ कडक असतो, क्रॅम्पॉन धरतात. डोक्यावरच्या दिव्याच्या गोल उजेडापलीकडे काही दिसत नाही. समोरच्याच्या बुटाची टाच आणि दोर, एवढंच जग. पावलागणिक दोन-तीन श्वास. शेवटच्या उभ्या उतारावर जुमार वर सरकवायची, दोन पावलं, कपाळ बर्फाला टेकवून थांबायचं. पुन्हा जुमार.

आम्ही सात-पन्नासला माथ्यावर होतो. समोर स्वर्गारोहिणी, पांडव जिथून गेले म्हणतात ती. वर वीस मिनिटं. परतायची वेळ खालीच ठरवलेली असावी, आमची दहाची होती. दहापर्यंत जिथे असू तिथून मागे, माथा पन्नास पावलांवर असला तरी.

खर्च?

आकडा दर वर्षी बदलतो, म्हणून देत नाही. कशाने वाढतो ते सांगतो: गाइड आणि पोर्टर, भाड्याचं सामान, परवानग्या, प्रवास. पोर्टरचा विमा कोण उतरवतंय हे आवर्जून विचारा. पैसे वाचवायचे तर डाऊन जॅकेट भाड्याने घ्या. बूट मात्र स्वतःचे, आणि किमान शंभर किलोमीटर चाललेले.

गोव्याच्या दमट हवेत हे सामान टिकतं कसं?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, मीच घालतोय.

पहिल्या मोहिमेनंतर मी बूट धुऊन, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले. चार पावसाळे गेले. दुसऱ्या खेपेला काढले तेव्हा दिसायला नवे कोरे. थोडं चालून पाहिलं, ठीक वाटले. रुइनसाराच्या पुढे हिमोढीवर दुसऱ्या तासाला डाव्या पायाखाली काहीतरी मऊ लागलं. पाहतो तर तळवा टाचेपासून सुटून लोंबतोय, आणि मधला फोमचा थर भिजलेल्या बिस्किटासारखा बोटाने कुस्करतोय. या फोमला दमट उष्ण हवा आतून खाते, वापरा किंवा ठेवून द्या. गाइडने पोत्याची सुतळी आणि चिकटपट्टी काढली, बूट लाडवाच्या पुडीसारखा गुंडाळला, आणि मी बेस कॅम्पपर्यंत तसाच गेलो. वरच्या कॅम्पांसाठी भाड्याचे प्लास्टिकचे बूट होते म्हणून वाचलो.

तर आता असं करतो: बूट पिशवीत न बांधता हवेशीर ठेवतो, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि महिन्यातून एकदा घालून चंद्रनाथला नेतो. पावसाळ्यात बुरशी धरते ती ब्रशने काढून सावलीत वाळवतो. आइस ॲक्स आणि क्रॅम्पॉनला तेलाचा हात, नाहीतर खाऱ्या हवेने महिन्यात तांबेरा. झोपायची पिशवी दाबून भरत नाही, कपाटात टांगतो. बायकोची साडी आणि ती शेजारी शेजारी असतात, त्यावरून घरात काय बोललं जातं ते सोडा. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात बूट पाण्यात भिजवून, दगडांवर चार तास चालून, मग तळव्याची कड अंगठ्याने दाबून बघायची.